नाना, फ्लॅटचं राहू द्या

जुने जळगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि नानांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की नाना "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. नाना, केळीचे पैसे हातात आले की महामार्गाकडच्या फ्लॅटचं बुकिंग करून देतो, असं तुम्ही दादाजवळ बोललात ना? लेकीसाठी तुमचा जीव तुटतो, ते कळतं मला. पण आम्ही इथून हलत नाही. यांचंही तेच म्हणणं आहे.

घराला नावं ठेवायला जागा आहे, ते मी लपवत नाही. पावसाळ्यात मागची खोली तीन ठिकाणी गळली. धाब्याच्या छपरावर माती टाकून चोपून घेतली, तरी एक पातेलं अजून तिथंच आहे. पाणी रोज येत नाही. गाडी लावायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागतं आणि परत येऊन बघावं तर आरशाला नवा ओरखडा. पण मे महिन्यात तुमच्याकडचा पंखा गरम वारा फेकत होता, तेव्हा आम्ही दुपारी या धाब्याखाली चादर घेऊन झोपलो होतो. मातीच्या दोन हात जाड भिंती आहेत, नाना. फ्लॅटच्या विटेला ते जमायचं नाही.

आई, तू बहिणाबाईंचं माहेर आसोदा म्हणून नेहमी सांगतेस. त्यांचं सासर, चौधरी वाडा, माझ्या दारापासून पायी पाच मिनिटांवर आहे. लिहिता-वाचता न येणारी बाई शेतात नि घरात राबता राबता ओव्या म्हणायची, आणि मुलानं, सोपानदेवांनी, त्या कागदावर उतरवल्या. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. मी भाजी आणायला त्या वाड्यावरून जाते. पहिल्यांदा उगीच पायातल्या चपला काढल्या होत्या. आता काढत नाही, पण पावलं हळू पडतात.

खरं लिहायचंय ते रामाच्या रथाचं. तुम्ही दोघांनी तो एकदाच पाहिलात, तोही रथ चौकातल्या गर्दीच्या पार मागून, आणि नाना "धक्के खायला आलो का" म्हणून वैतागले होते. इथं राहून तो वेगळा दिसतो. इथल्या राम मंदिराच्या आप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केला, दीडशे वर्षं उलटली. दिवाळीच्या पाडव्यापासून रोज संध्याकाळी देवाचं वहन निघतं: कधी घोडा, कधी हत्ती, कधी शेषनाग, कधी गरुड. ज्याच्या दारी स्वागताची पानसुपारी असते तिथं ते थांबतं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत पानसुपारी होती तेव्हा घरमालकीण काकूंनी मला हाताखाली घेतलं. रांगोळी काढताना म्हणाल्या, "तू भाडेकरू कुठली, तू गल्लीची." (भाडं मात्र दर एक तारखेला बरोबर मागतात.)

कार्तिकी एकादशीला रथ निघतो. ओढणारे शेकडो, पण वळवणारी असते मोगरी. चाकाखाली घालायचा लाकडाचा ठोकळा. अरुंद गल्लीचं वळण आलं की एका चाकाखाली मोगरी द्यायची, ते चाक अडतं, दुसरं फिरतं आणि एवढा डोलारा भिंतीला न घासता वळतो. उतारावर तीच ब्रेक. क्षणभर उशीर झाला तर रथ घरात, आणि घाई झाली तर हात चाकाखाली. आमच्या समोरचे आजोबा तरुणपणी मोगरी लावायचे. आता ओट्यावर बसून फक्त आवाज ऐकतात आणि "आता दिली", "जरा उशिरा दिली" असं सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतात.

आणखी एक. भिलपुरा चौकात रथ थांबतो आणि मुस्लिम संत लालशाबाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढवली जाते. बाबा आणि आप्पा महाराज मित्र होते म्हणतात. नाना, पेपरात काहीतरी वाचून तुम्ही "तिकडची वस्ती मिश्र आहे, जपून राहा" असं लिहिलं होतंत. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. रथाच्या दिवशी तिथं अर्धा तास उभे राहा, मग बोलू.

तर दिवाळीला आम्ही तिकडे येतो, भाऊबीज करून परततो, आणि एकादशीला तुम्ही इकडे. नानांच्या गुडघ्यांना गर्दीत उभं राहायचं नाही. समोरच्या आजोबांच्या ओट्यावर दोन खुर्च्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत. ते नानांपेक्षा जास्त बोलतात, तेवढं सोसावं लागेल.

त्या दिवशी उपास, भगर आणि शेंगदाण्याची आमटी मी करीन. आईचा चातुर्मास संपला की दुसऱ्या दिवशी भरीत. वांगी मात्र बामणोदचीच आणा, इथल्या बाजारातली मला पटत नाहीत. आणि जमलं तर कपाशीच्या काड्यांची एक मोळी एसटीच्या टपावर टाका. गॅसवर भाजलेलं भरीत नाना ताटात ठेवून उठतात, ते मला माहीत आहे.

तुमची,
ताई

ता.क. बुकिंगसाठी काढलेल्या पैशातून आधी आईच्या मोतीबिंदूचं बघा.