कुत्र्याला हॉट टबमध्ये उतरवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात आलेला एक फोटो पाहिला आणि पत्र लिहायला बसले. वाफाळत्या हॉट टबमध्ये घरची चार माणसं आणि त्यांच्या मधोमध गळ्यापर्यंत बुडालेला, जीभ लांब बाहेर काढलेला सोनेरी केसांचा कुत्रा. खाली ओळ होती, ‘लाडोबाही सुखावला!’ तो सुखावला नव्हता. ती जीभ मी ओळखते. अशीच जीभ बाहेर काढून बसलेला आमचा बंड्या माझ्या हातातून जवळजवळ गेला होता.

बंड्या लॅब्रॅडॉर, तेव्हा अकरा वर्षांचा. खुब्याचे सांधे धरले होते, सकाळी उठताना दोन-तीनदा जोर लावावा लागे. माझ्या भावाकडे अंगणात हॉट टब आहे. तिथे राहायला गेलो असताना ही कल्पना माझ्याच डोक्यातून निघाली. आपला गुडघा दुखला की आपण शेक घेतो, मग या म्हाताऱ्याला का नको? भावाने आणि मी मिळून त्याला उचलला आणि पाण्यात सोडला. पाणी ३९ अंश सेल्सिअसवर होतं. आधी त्याने पुढचे दोन्ही पाय काठावर टाकले. त्या गुळगुळीत काठावरून नखं करकरत खाली आली. पुन्हा टाकले, पुन्हा घसरले. मग तो माझ्या मांडीला टेकला आणि गप्प झाला. आम्ही एकमेकांना म्हणालो, बघ, कसा रमला!

सात-आठ मिनिटं झाली असतील. वहिनी चहा घेऊन आली आणि त्याच्याकडे बघून थबकली. जिभेचं टोक फावड्यासारखं रुंद पसरलं होतं, कडा वर वळल्या होत्या. एरवी पाण्यासारखी टपकणारी लाळ घट्ट तार होऊन लोंबत होती. मी ओठ उचलून पाहिलं, तर हिरड्या विटेसारख्या लालभडक. त्याला बाहेर काढला, पण तो उभा राहीना. मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो फरशीवर कोसळला.

आमच्या डॉक्टरांनी फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. ‘आधी थंड करा, मग गाडीत घाला.’ नळाचं साधं गार पाणी अंगावर ओतत राहा, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, डोकं वर धरा म्हणजे नाकातोंडात पाणी जाणार नाही, पंखा सोडा, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि आतली उष्णता आतच राहते, बर्फ शोधत वेळ घालवू नका. आम्ही तसंच केलं आणि मग निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हाही त्याचं तापमान ४०.८ अंश होतं. पुढचे दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या चालल्या, कारण उष्माघातात कुत्रा शुद्धीवर आला, शेपूट हलवू लागला, तरी मूत्रपिंड, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा काही वेळा एक-दोन दिवसांनी दिसते. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरी थांबणं हीच मोठी चूक ठरू शकते.

बंड्या वाचला, आणखी दोन वर्षं जगला. पण शेक देताना माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट अगदी साधी आहे. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास चालतं. कुत्र्याचं निरोगी शरीर मुळातच ३८.३ ते ३९.२ अंशांवर चालतं. हॉट टबचं पाणी साधारण ३७ ते ४० अंश ठेवतात आणि ४० ही धडधाकट मोठ्या माणसासाठीसुद्धा वरची मर्यादा मानतात. उष्णता नेहमी जास्त गरमाकडून कमी गरमाकडे जाते. अंगाभोवतीचं पाणीच अंगाइतकं किंवा अंगाहून गरम असेल, तर शरीरात सतत तयार होणारी उष्णता जाणार कुठे? शिवाय पाणी हवेच्या सुमारे २४ पट सहज उष्णता वाहून नेतं. म्हणून ४० अंशांच्या हवेत सावलीत बसलेला कुत्रा जेवढा वेळ तग धरेल, तेवढा तो ४० अंशांच्या पाण्यात धरणार नाही.

आपण टबमध्ये बसतो तेव्हा आपलं डोकं, मान, खांदे घामाने थोडे तरी निवतात. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता, आणि पंजे तर पाण्याखाली. त्याच्याकडे उरते फक्त ल्हाल्हा करणं, म्हणजे जीभ आणि श्वसनमार्ग यांवरचा ओलावा उडवून थंड होणं. टबवरची हवा आधीच वाफेने भरलेली असते, त्या दमट हवेत ओलावा फारसा उडत नाही. म्हणजे तो जीव तोडून धापा टाकतो, त्या मेहनतीने आणखी तापतो, आणि आपण फोटो काढतो कारण जीभ बाहेर काढलेला कुत्रा हसरा दिसतो.

‘पाचच मिनिटं बसवला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह-त्झू यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद असतो, त्यांची ल्हाल्हाच अपुरी पडते. छोटं कुत्रं मोठ्यापेक्षा लवकर तापतं. पिल्लं, म्हातारी, लठ्ठ, हृदयाचा त्रास असलेली, या सगळ्यांना पाच मिनिटंही जड जाऊ शकतात. आणि आपलं कुत्रं नक्की कितव्या मिनिटाला सीमा ओलांडतं, हे सांगणारं काही आपल्या हातात नसतं. तापमान ४१ अंशांवर गेलं की अवयवांना धोका सुरू होतो, म्हणजे निरोगी तापमानापासून तिथपर्यंत जेमतेम दोन-अडीच अंशांचं अंतर. मला बंड्यावर हा प्रयोग करायचा नव्हता, पण मी तो केला.

‘जपानमध्ये जिगोकुदानीची माकडं गरम पाण्याच्या कुंडात बसतात की!’ असंही एकाने सुनावलं. बसतात, आणि तो देखावा खरोखर सुंदर आहे. पण त्यांच्या भोवती बर्फ असतं, ती स्वतःच्या मनाने उतरतात आणि नको झालं की दगडावर पाय देऊन बाहेर येतात. टबमधल्या कुत्र्याला आपण उचलून घातलेलं असतं. पाय तळाला लागत नाहीत, बाक आणि काठ निसरडे, बाहेर यायला पायरी नाही. बंड्याने दोनदा सांगून पाहिलं होतं. त्याचं गप्प होणं म्हणजे रमणं नव्हतं, तो दमला होता.

बाकीचे धोके याहून लहान, पण आहेत. टबमधल्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन किंवा ब्रोमीन हे औषध घातलेलं असतं. माणसांसाठी मुक्त क्लोरीनचं प्रमाण निदान ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तीन भाग, राखावं लागतं आणि गरम पाण्यात ते भराभर उडतं. कुत्र्याचे केस, अंगाचं तेल, पंजांची माती पाण्यात गेली की ते अधिकच खर्ची पडतं, मग स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढायला मोकळे. त्यांनी माणसाच्या अंगावर पुरळ उठतं आणि कुत्र्याच्या कानात चिवट संसर्ग होऊ शकतो. कुत्र्याची कानाची नळी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वळलेली असते, आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. उलट औषध जास्त पडलं तर डोळे चुरचुरतात, कातडी खाजते आणि तो ते पाणी लपालपा प्यायला तर पोट बिघडतं.

टबमधलं पाणी पंपाकडे खेचून घेणाऱ्या जाळीबद्दल मात्र लहान धोका म्हणून बोलवत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाच्या जाळीला खेचली जाऊन दगावली आणि त्यानंतर २००७ मध्ये तिथे अशा जाळ्यांसाठी कायदा झाला. लांब केसांचं, झुबकेदार शेपटीचं कुत्रं त्या जाळीजवळ जाऊ देणं मला विचारातही सहन होत नाही. झाकणावर उडी मारून आत पडणंही शक्य असतं, म्हणून झाकण कुलपाचं हवं आणि कुत्रा मोकळा असताना टब उघडा नको.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना पाण्याचा फायदा होतो, यात शंका नाही. पाणी वजन पेलतं, सांध्यावरचा भार हलका होतो. म्हणूनच कुत्र्यांसाठी जलोपचार असतो आणि बंड्यालाही नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही तो दिला. तिथलं पाणी ३० अंशांच्या आसपास होतं, म्हणजे त्याच्या अंगापेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड. उतरायला उतार होता, अंगात तरंगणारं जाकीट होतं आणि शिकलेला माणूस सतत शेजारी. मला पहिल्या दिवशी वाटलं, अगं बाई, हे तर गारच आहे! पण त्याला तेच हवं होतं. दहा मिनिटं चालून तो बाहेर आला, अंग झाडलं आणि स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेला. कुणी टबचा हीटर बंद करून पाणी इतकं निवू दिलं, फवारे बंद ठेवले, पायरी लावली आणि स्वतः जवळ थांबलं, तर माझी हरकत नाही. तेव्हा तो हॉट टब राहिलेलाच नसतो. एरवी घरच्या घरी जाड मऊ अंथरूण, वजनावर ताबा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांनी बंड्याला टबपेक्षा कितीतरी आराम मिळाला.

आपल्याला विनंती आहे की, तो फोटो जिथे छापला होता तिथेच येत्या रविवारी चार ओळी छापाव्यात: चालू हॉट टब कुत्र्यासाठी सुरक्षित नाही, जीभ रुंद पसरणं, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांडणं, उलटी यांतलं काहीही दिसलं तर लगेच बाहेर काढा, साध्या गार पाण्याने थंड करा आणि पशुवैद्याकडे न्या. फोटो पाठवणाऱ्या कुटुंबाचा पत्ता आपल्याकडे असेलच. त्यांचं त्या कुत्र्यावर प्रेम आहे हे फोटोत दिसतं. म्हणून हे पत्र छापण्याची वाट न बघता आधी त्यांना पोचवावं.

आपली विश्वासू,
एक वाचक