पालकमंत्री साहेब, चर्चला काम द्या, किल्ल्या देऊ नका

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
स. न. वि. वि.

वस्तीतलं काम कोणत्या संस्थेला द्यायचं हा विषय निघाला, की चर्चचं नाव सहसा कोणी घेत नाही. घेतलंच, तर धर्मांतराचा वाद सुरू होतो आणि बैठक गुंडाळली जाते. हे बदला, एवढंच मागणं आहे. पण एका अटीवर.

मी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. इथं बाई मांडीवर सूप घेऊन सकाळपासून विड्या वळते. कारखान्यात चेकर त्यातली छाट बाजूला फेकतो, तिचे पैसे नाहीत. उरलेल्या मजुरीतून आधी फायनान्सवाल्याचा हप्ता. मुलगी शाळेतून आली की पानं कापायला बसते. या घराला लागतं काय? मुलीला अभ्यासाला जागा, आईला दुसरं एखादं कौशल्य, आजारपणात परवडणारा दवाखाना.

नेमकं हेच काम चर्चनं आपल्याच मुलखात करून दाखवलंय. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही, हाताला धंदाही शिकवला. नगरच्या मिशनमधले चर्चिल नावाचे मिशनरी हातमाग सुधारण्यात गुंतले होते. विणकरांच्या या गावाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता अट. हा इतिहासही सोलापूरचाच आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. उमेदपूरच्या अशा सेटलमेंटचा, म्हणजे सक्तीच्या वसाहतीचा, कारभार सरकारनं अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेकडे दिला. नाव उमेदीचं, पहारा मात्र तुरुंगाचा. शिकवणाराच राखणदार झाला. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. दोष एकट्या मिशनचा नाही. आपलं काम दुसऱ्यावर ढकलून सरकार मोकळं झालं, ते जास्त वाईट.

आफ्रिकेतल्या मलावीसारख्या गरीब देशात वेगळी रीत आहे. तिथं चर्चच्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देतं आणि करार केलेल्या ठिकाणी बाळंतपण मोफत होतं, बिल सरकारकडे जातं. सरकारचे पैसे थकले की तिथंही गाडं अडतं, ते सोडा. पण कोणी काय करायचं हे कागदावर असतं.

तसाच करार इथं करा. चर्चचे काही हॉल आठवड्यातले बरेच दिवस कुलपातच असतात. तिथं संध्याकाळची अभ्यासिका आणि बायकांसाठी शिवणवर्ग सुरू होऊ शकतो. प्रवेश कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसाला, वर्गात प्रार्थनेची सक्ती नाही, हिशेब दर तिमाहीला वस्तीसमोर. लाभार्थी कोण, हे ठरवणं मात्र महापालिकेकडेच राहू द्या. हीच अट मठ, मशीद, ट्रस्ट सगळ्यांना लावा.

सुरुवात सेटलमेंट भागातूनच व्हावी. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय घ्याल का, ते कळवावे.

आपला,
विडी घरकुलातला एक रहिवासी, सोलापूर