ग्राइंडर बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

त्या जुन्या सायकलची फ्रेम पूर्ण मोकळी केलीस हे वाचून फार बरं वाटलं. पण ग्राइंडरला डिस्क लावून एका दुपारी सगळा रंग उडवायचा बेत वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. ग्राइंडर बाजूला ठेव. चांगल्या स्टीलच्या फ्रेममध्ये नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. मधली जाडी कित्येकदा ०.६ मिलिमीटरच्या आसपास, काही फ्रेममध्ये त्याहूनही कमी. फिरत्या डिस्कला रंग कुठे संपला ते कळत नाही. गोल नळीवर ती चपटे पट्टे पाडते, आणि तिथलं गेलेलं स्टील नंतर कितीही रंग चढवला तरी परत येत नाही.

रंग सोडवणारं रसायन, म्हणजे रिमूव्हर, वापर. ब्रशने जाड थर दे, पुन्हापुन्हा फिरवू नकोस, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळ म्हणजे तो वाळणार नाही. रंग सुरकुतून फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने सोलून काढ. सुटला नाही तर जोर लावू नकोस, दुसरा थर दे. त्याआधी नळ्यांना असलेली बारीक भोकं आणि बीबीचे (पायडलचा आस बसतो त्या खालच्या आडव्या नळीचे) आटे बंद कर. आत शिरलेला रिमूव्हर पुढे कधीतरी बाहेर झिरपतो आणि नवा रंग उचलून धरतो. डबा घेताना मेथिलीन क्लोराइड असलेला घेऊ नकोस. बंद न्हाणीघरात त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी असल्या रिमूव्हरची विक्रीच बंद केली. दुसरा कुठलाही असला तरी काम उघड्यावरच कर, हातमोजे आणि चष्मा घालून.

तुझ्या भावाची ॲल्युमिनियमची फ्रेमही याच डब्यात उरकायची म्हणतोस, तर डब्यावर कॉस्टिक सोडा लिहिलाय का ते आधी बघ. सोडा ॲल्युमिनियमच खातो.

आता सर्वांत महत्त्वाचं. इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि खाली शेंदरी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) निघाला तर ते आहे असंच धर. कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घास, बारीक कण अडवणारा फिल्टरचा मास्क लाव (कापडी चालत नाही), आणि खरवड कागदावर गोळा करून पिशवीत बांध. मुलांना तिथे फिरकू देऊ नकोस. हे मी कळकळीने सांगतोय.

लगच्या, म्हणजे नळ्या जिथे जोडल्यात त्या खोबणींच्या, कडांना पितळी तारांचा ब्रश लाव. नळ्यांसाठी पेपरची लांब पट्टी काप आणि पंच्याने पाठ घासतो तशी दोन्ही टोकं धरून ओढ, गोलाई टिकते. मला या कामात सगळ्यांत आवडतो तो हाच टप्पा. लगच्या कडेला पितळेची पिवळी रेघ दिसायला लागते, रंगात बुजलेला फ्रेम नंबर वर येतो. तो नंबर घासून पुसट करू नकोस. पुढचा बिल्ला रिव्हेटचा असेल तर काढायची घाई नको, भोवतीचा रंग हाताने काढता येतो.

शेवटी १८० नंबरचा पेपर पुरे. त्याहून फार गुळगुळीत केलंस तर प्रायमरला पकड मिळत नाही. ओलं घासलं की लगेच पुसून कोरडं कर, थिनरने पूस, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नकोस. घामाचे ठसे गंजून उठतात. हवा दमट असेल तर उघडं स्टील काही तासांत तांबूस होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. तेवढा वेळ हाताशी नसेल तर शेवटचं घासणं त्या दिवशी करूच नकोस.

रंग कोणता ते मागाहून ठरवू. आधी हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरव. तिथे सुरकुती लागली, किंवा सीटच्या लगपाशी केसासारखी रेघ दिसली, तर प्रायमर मारायच्या आत उजेडात फोटो काढून मला पाठव. रेघ ओरखडा आहे की तडा ते पाहून, गरज पडली तर फ्रेम बांधणाऱ्या कारागिराला दाखवू.

तुझाच,
जुना सोबती