किर्लोस्करवाडीच्या निनावी हातांचे आभार

२० जून हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्मदिवस. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हा ओतकामवाल्यांना आज ज्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, त्यांचे आभार मानायचे आहेत.

१९१० साली लोखंडी नांगरांच्या कारखान्यासाठी औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ लक्ष्मणरावांना जागा दिली, तेव्हा तिथे निवडुंग होतं आणि साप होते. ते माळरान ज्यांनी मोकळं केलं, त्यांचे पहिले आभार. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी राखणीचं काम दिलं. त्या राखणदारांचेही आभार.

वितळलेलं लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे बनवणाऱ्या साचेकऱ्यांचं ऋण सर्वांत मोठं. ओली वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि मोडल्यावर कडा स्वच्छ राहावी, इतकाच ओलावा हवा. जास्त झाला तर वितळलेल्या लोखंडाची उष्णता लागून वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की फाळात पोकळ्या पडतात. असा फाळ दगडाला लागताच तुटणार. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पातळ भाग फार झपाट्याने निवला तर टणक होतो, पण ठिसूळही. हे अंदाज डोळ्यांनी आणि बोटांनीच घ्यावे लागत.

आणि ते पहिले गिऱ्हाईक! लोखंडाने जमीन विषारी होते, असं गाव म्हणत असताना ज्यांनी तो नांगर शेतात उतरवला, ते शेतकरी. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळवणारेही तेवढेच आमचे.

घरच्यांसारखंच वाडीतल्या प्रत्येकाकडे बघणाऱ्या माणसाला या सगळ्यांनी साथ दिली. त्या सर्वांचे मनापासून आभार.