थकव्याचे खापर यीस्टवर नको

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटातील यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढल्याने थकवा येतो, असे सांगणारा लेख वाचला. सकाळी पाण्याच्या पेल्यात थुंकून बघण्याची ‘घरगुती चाचणी’ त्यात छापायला नको होती. थुंकीचे धागे खाली उतरले, यावरून आतड्यात काय चालले आहे हे मुळीच कळत नाही.

कँडिडा ही यीस्ट कितीतरी निरोगी माणसांच्या आतड्यात असतेच. प्रतिजैविकांनी तिला आवर घालणारे जिवाणू मरतात आणि ती वाढते, हे खरे. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात ती शिरली तर जिवावर बेतते, हेही खरे. पण थकवा, विसराळूपणा, उदास वाटणे हे सारे तिच्यामुळेच, याला आधार नाही. अमेरिकेत या समजुतीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यात ४२ स्त्रियांना आलटूनपालटून निस्टॅटिन हे यीस्ट मारणारे औषध आणि औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. अशा तक्रारींत दोन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

माझ्या वहिनींनी पेल्यातल्या त्या धाग्यांवर भरवसा ठेवून दोन महिने भाकरी, दही, केळी सोडली. जिना चढताना कठड्याला धरून थांबायच्या. अखेर रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले! लोहाच्या गोळ्यांनी त्या सावरल्या, पण ते दोन महिने वायाच गेले. सतत थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून घ्यावे, एवढा खुलासा त्याच पुरवणीत, तितक्याच ठळकपणे छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली