गाभण मादी, पिल्लांचा वेत आणि 31 मार्च : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार

महोदय,

स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी भास आटोक्यात येतात. पण रुग्ण घरच्यांशी बोलेनासा होतो, त्यावर ती फारशी चालत नाहीत. पुण्यातले कोणतेही मानसोपचारतज्ज्ञ आपल्याला हेच सांगतील. या तुटलेपणाचे मूळ मेंदूच्या घडणीत शोधण्यासाठी उंदरांवर प्रयोग होतात. उंदराला स्किझोफ्रेनिया होत नाही. सोबत्याकडे जाण्याची ओढ केव्हा आणि कशाने मंदावते, एवढेच त्यात तपासता येते. तेवढेही नीट व्हावे, म्हणून हे पत्र.

नर-मादी रात्री एकत्र ठेवतात. सकाळी मादीच्या योनीमुखाशी घट्ट पांढरे बूच दिसले, की तिथून गर्भाचे दिवस मोजतात. साडेबाराव्या दिवशी वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम पॉली आयसी हे विषाणूच्या आरएनएसारखे कृत्रिम रसायन तिच्या पोटात टोचतात. विषाणूची लागण झाल्यासारखी तिची प्रतिकारशक्ती चेतते आणि पिल्लांच्या मेंदूची घडण बदलू शकते. पण या रसायनाचा एक लॉट दुसऱ्यासारखा नसतो; कधी रेणूंची लांबी बदलते, कधी जिवाणूंचे विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, मिसळलेले असते. म्हणून लॉट बदलला की टोचल्यावर तीन तासांनी मादीच्या रक्तातले इंटरल्यूकिन-6, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतल्याची खूण असलेले प्रथिन, मोजायलाच हवे.

खरी गफलत मोजणीत होते. सुई आईला टोचलेली असते. त्यामुळे एका वेतातली दहा पिल्ले म्हणजे दहा नमुने नव्हेत, एकच. पॉली आयसीच्या 10 आणि तुलनेसाठी नुसते सलाइन टोचलेल्या 10 माद्या घेऊन प्रत्येकीचा एक नर व एक मादी पिल्लू तपासावे लागते. प्राण्यांची संख्या कमी ठेवायची म्हणून दोन-दोन माद्यांवर प्रयोग उरकला, तर उंदीर वाचत नाहीत, वाया जातात.

चाचणी तीन कप्प्यांच्या पेटीत होते. 10 मिनिटे पेटीची ओळख. मग एका बाजूला जाळीच्या पेल्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला रिकामा पेला, आणि पुन्हा 10 मिनिटे. पिल्लू कोणत्या पेल्याजवळ जास्त वेळ घालवते, ते मोजतात. एका कोपऱ्यात उजेड जास्त पडला, तरी निकाल फिरतो. जो उंदीर मुळात हलतच नाही किंवा ज्याला वास येत नाही, तोही एकलकोंडा ठरतो. म्हणून हालचाल आणि वास घेण्याची क्षमता वेगळी तपासावी लागते.

पुण्यात आणखी एक अडचण आहे. गणेशोत्सवाच्या कितीतरी आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ढोलाचा खर्ज उंदराला आपल्याइतका ऐकू येत नाही, पण ताशाचा कडकडाट आणि जमिनीतून येणारी थरथर गाभण मादीला पोचते. त्या ताणाचा परिणाम पिल्लांवर होतो, सलाइन दिलेल्या मादीच्यासुद्धा, आणि दोन गटांतला फरक पुसट होतो. उत्सव होणारच, व्हावाच. प्राणीगृह मात्र रस्त्यापासून आत, थरथर शोषणाऱ्या पायावर हवे. एप्रिलच्या उन्हात वीज गेली तरी खोली 22 अंशांच्या आसपास राहील असा जनरेटर हवा, तोही इमारतीपासून दूर.

समागमापासून प्रौढ पिल्लाच्या चाचणीपर्यंत एका तुकडीला किमान पावणेतीन महिने लागतात. वेगवेगळ्या लॉटवर तीनदा पडताळणी केली, की वर्ष संपते. आर्थिक वर्ष संपताना, 31 मार्चला, अनुदानाचा हप्ता अडकला, तरी पिल्लांची वाढ थांबत नाही. खाद्य, भुसा आणि देखभाल करणाऱ्यांचा पगार एक दिवसही थांबवता येत नाही.

म्हणून मागणी ही : अशा प्रकल्पांना सलग पाच वर्षांची मंजुरी द्या, प्रस्तावात पिल्लांऐवजी वेत मोजणे सक्तीचे करा, आणि पुण्यातल्या संशोधन संस्थांसाठी ठरल्या दिवसाच्या गाभण माद्या पुरवणारे एक सामाईक प्राणीगृह उभारा.

आपले,
पुण्यातील मेंदूविज्ञानाचे अभ्यासक