मंत्रिमहोदय, ६.७० चे टक्के किती होतात?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मागच्या हिवाळी अधिवेशनात आम्ही सात-आठ पालक नागपूरला आपल्याला निवेदन द्यायला आलो होतो. विषय एकच, सीजीपीएचे, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटच्या दहापैकी सरासरीचे, टक्के कसे काढायचे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवलं, मग दोघांना आत सोडलं. त्यातला एक मी. आपल्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी निवेदनाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिला आणि म्हणाले, "काका, महिनाभरात परिपत्रक निघते." माणूस सज्जन होता, चहाचंही विचारलं. शिक्का माझ्याकडे जपून आहे. परिपत्रकाचा पत्ता नाही.

गेल्या मंगळवारी माझी मुलगी मुंबईहून परत आली. एका भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती, हे कृपया लक्षात घ्यावे. कागदपत्र पडताळणीला बोलावलं म्हणून गेली. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवरच राहिलं, तेव्हा जनरलच्या डब्यात, फाइल मांडीवर धरून रात्रभर. अट होती पदवीला ६० टक्क्यांची. टेबलामागच्या साहेबांनी मार्कशीटवर सीजीपीए पाहिला, ६.७०. त्यातून ०.७५ वजा केले, दहाने गुणलं, कोपऱ्यात पेन्सिलीने ५९.५ लिहिलं आणि त्याला गोल केला. झालं. चार वर्षांचं शिक्षण त्या गोलात.

तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचा सीजीपीए ६.४० होता. विद्यापीठ दुसरं. त्याच्या मार्कशीटच्या मागे सूत्र छापलेलं होतं, सरळ दहाने गुणा. त्याचे ६४ झाले, तो आत गेला. त्या पोरावर माझा राग नाही, त्याचंही भलं होवो.

मी इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात ३१ वर्षांपासून जमाखर्च लिहितो. त्या रात्री आठही सेमिस्टरच्या मार्कशीट सतरंजीवर मांडल्या. ६,४०० पैकी ३,९९४. दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा बायकोकडून करून घेतली. ६२.४ टक्के येतात, साहेब. पण पडताळणीत सांगितलं, "आम्ही मार्क पाहत नाही, सीजीपीए पाहतो." मार्कांवरूनच तर तो काढला ना? आमच्या दुकानात शंभर किलोमागे तीन किलोची तूट आली असती तर मालकाने मला गोदामात उभं करून जाब विचारला असता. इथे कोणाला विचारायचं?

ही तूट येते कुठून, तेही शोधलं. तिच्या विद्यापीठात ६० ते ६९ मार्कांना एकच ग्रेड आणि ७ पॉइंट. म्हणजे सगळ्या विषयांत ६९ मिळवणारा आणि सगळ्यांत ६० मिळवणारा, दोघांचाही सीजीपीए ७.००. आता साहेबांचं सूत्र लावा, दोघांनाही ६२.५ टक्के. एकाचे साडेसहा कापले, दुसऱ्याला अडीच फुकट. आणि दहापैकी दहा मिळवणाऱ्याला किती? ९२.५! त्याने शंभरपैकी शंभर आणले तरी वरचे साडेसात सरकारजमा.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के धरतात. माझी मुलगी ०.०५ ने चुकली. सीबीएसईने दहावीसाठी ९.५ ने गुणायला सांगितलं होतं, कारण ९१ ते १०० मधल्या पोरांची सरासरी ९५ च्या आसपास येते. त्या हिशेबाने हिचे ६३.६५. दहाने गुणले तर ६७. एकच पोरगी, एकच मार्कशीट, आणि टक्के ५९.५, ६२.४, ६३.६५, ६७. इतवारीत तुरीचे भावसुद्धा एका दिवसात एवढे हलत नाहीत बाप्पा.

त्या रांगेत अशी दोनशे तरी पोरं परत गेली असतील. मी मोजली नाहीत, मुलीनेही नाही. तुम्ही तरी कुठे मोजता?

दोन दिवस ती जेवली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी फेल झाले असते तर बरं होतं, निदान समजलं असतं काहून झाले." माझी बीपीची गोळी अर्धीची एक झाली. तिच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज घेतलं होतं, त्याचे अकरा हप्ते बाकी आहेत. हप्ता मात्र रुपयातच भरावा लागतो, ०.७५ वजा करून चालत नाही.

आणि हे आजचं थोडंच आहे? २००८ ला अकरावीच्या प्रवेशासाठी वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क जुळवायला पर्सेंटाइल आणलं, हायकोर्टाने उडवलं. २०१० ला बेस्ट फाइव्ह, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दरवेळी मार्क पोराचे, सूत्र सरकारचं आणि वकिलाची फी बापाची. डिसेंबरात तुम्ही सगळे नागपूरला येता, हुरडा खाता, सावजीचा रस्सा खाऊन घाम पुसता, विदर्भावर चर्चा करता आणि शुक्रवारी विमानाने परत. आमचं निवेदन त्याच गाडीत परत जातं की इथेच रद्दीत, एवढं तरी कळवा.

मागणं मोठं नाही. मार्कशीटवर सीजीपीएच्या शेजारी खऱ्या मार्कांची टक्केवारी छापा. नाहीतर राज्यभर एकच सूत्र ठेवा आणि ते भरतीच्या जाहिरातीत लिहा, म्हणजे पोरी मुंबईपर्यंत रात्र काढून जाणार नाहीत.

आपला,
एका ५९.५ टक्केवाल्या मुलीचा बाप
नंदनवन, नागपूर

ता. क. : काल विद्यापीठात टक्केवारीचं प्रमाणपत्र मागायला गेलो. खिडकीवर सांगितलं, अर्ज करा, पंधरा दिवस लागतील. पडताळणीवाल्यांनी त्रुटी पूर्ण करायला तीन दिवस दिले होते. ते शुक्रवारी संपले.